हेमू अधिकारी : फौजेतला खेळाडू



या खेपेच्या भित्तिपत्रकाला गुरुजींनी विषय दिला, तो असा : देशाकडून खेळलेला आणि लढाईच्या काळात सैन्यात गेलेला एक खेळाडू. विषय फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गात कुणाला काहीच सुचेना. मग गुरुजींनीच सुरुवात करून दिली. इंग्लंडात रग्बी नावाचा खेळ आहे. लंबुळका चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी त्याला कंबरेत धरून पाडायचं. ऐकताना तो मला थोडा आपल्या कबड्डीसारखाच वाटला. त्या खेळातले अलेक्झांडर ओबोलेन्स्की म्हणून एक खेळाडू होते. जन्माने रशियन, पण खेळले इंग्लंडकडून. १९३६ साली त्यांनी न्यूझीलंडच्या बलाढ्य संघाला हरवायला मोठा हात लावला. पुढं दुसरं महायुद्ध पेटलं, ते विमानदलात गेले आणि मार्च १९४० मध्ये सराव करतानाच विमान कोसळून वारले. वय अवघं २४.

गोष्ट ऐकून सगळे गप्प झाले. मी मात्र गुरुजींना विचारलं, की असा आपल्यातला कुणी नाही का? मराठी माणूस, खेळलेला, फौजेत गेलेला, आणि परत येऊन पुन्हा खेळलेला? परत येऊन खेळलेला हे मी मुद्दाम विचारलं. का, ते शेवटी सांगते. गुरुजींनी थोडा वेळ विचार केला आणि नाव सांगितलं, लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी.

घरी आल्यावर आजोबांना विचारलं. ते जोत्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले, की बाई, त्यांचं नाव तुला कुणी सांगितलं? म्हणजे आजोबांना ते ठाऊक होते! आजोबांचं काय ते पुढं येईलच. आधी चरित्र सांगते.

हेमू अधिकारी यांचं पूर्ण नाव हेमचंद्र रामचंद्र अधिकारी. त्यांचा जन्म ता. ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. पहिलं महायुद्ध संपून जेमतेम आठ-नऊ महिने झाले होते. आपल्या कोल्हापूरच्या लोकांसाठी एक जोडमाहिती देते. त्याच साली डिसेंबरात कोल्हापुरात भाऊसाहेब निंबाळकर जन्मले. हेही मोठे फलंदाज. त्यांच्याकडं आपण पुन्हा येऊ.

हेमू अधिकारी यांना क्रिकेटची गोडी लहानपणीच लागली असणार, कारण वयाच्या सतराव्या वर्षी, १९३६-३७ च्या हंगामात, ते रणजी करंडकात गुजरातकडून खेळले. सतरा म्हणजे आपल्याकडं अकरावी-बारावीतलं पोरगं! नंतर ते बडोद्याच्या संघात गेले. बडोद्याच्या महाराजांना खेळाची हौस आणि संघही तगडा. विजय हजारे यांच्यासारखा मोठा खेळाडू त्या संघात होता. हेमू अधिकारी उजव्या हातानं फलंदाजी करत, लेगब्रेक टाकत. पण लोक खास बघत ते त्यांचं क्षेत्ररक्षण. कव्हरला ते उभे असले की चेंडू तिकडून जाणं अवघड. त्या काळी आपल्याकडं फिल्डिंगला कमीच मान होता. बॅटिंग आणि बॉलिंग म्हणजे खेळ, बाकीचा वेळ उन्हात उभं राहायचं, असंच पुष्कळांना वाटे. (आमच्या वर्गातल्या काही मुलांना अजून तसंच वाटतं. नावं लिहीत नाही.)

म्हणजे बघा, पोरगा गुणी, वय विशीचं, संघ चांगला. आता फक्त देशाच्या संघात निवड व्हायची राहिली होती. आणि तेवढ्यात सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं.

त्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ भारतात यायचा होता. तो दौरा रद्द झाला. भारतानं ऑगस्ट १९३६ मध्ये इंग्लंडात कसोटी सामना खेळला होता, त्यानंतरचा कसोटी सामना एकदम जून १९४६ मध्ये! मधली दहा वर्षं कोरडी गेली. विहिरीला पाणी नसलं की शेतकरी कितीही राबणारा असू दे, ऊस वाळतोच. तसं त्या पिढीच्या खेळाडूंचं झालं. ज्यांचं वय १९३९ साली वीस-बावीस होतं, त्यांची भराची वर्षं त्या दहात गेली.

हेमू अधिकारी त्या काळात सैन्यात दाखल झाले. तेव्हा फौज इंग्रजांची, पण जवान आपले. पंचवीस लाखांवर भारतीय त्या युद्धात सैन्यात होते, आणि ते सगळे आपखुशीनं भरती झालेले. आपल्या जिल्ह्यातून किती गेले ते सांगायला नको. शिरोळ तालुक्यातल्या टाकळी गावाचं तर नावच सैनिक टाकळी पडलंय. मराठा पलटणी इटलीत लढल्या, आफ्रिकेत लढल्या, ब्रह्मदेशाच्या जंगलात लढल्या.

त्या युद्धानं क्रिकेटच्या जगाची किती उलथापालथ केली ते वाचून मी थक्क झाले. हेडली व्हेरिटी नावाचे इंग्लंडचे मोठे डावखुरे गोलंदाज १९३३-३४ साली भारतात खेळून गेले होते. ते कॅप्टन झाले, सिसिलीत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडले आणि जुलै १९४३ मध्ये इटलीत वारले. ऑस्ट्रेलियाचे कीथ मिलर लढाऊ विमान चालवत. आणि इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन फौजेच्या नोकरीवर आपल्या देशात, इंदूरजवळच्या महूला होते. तिथून ते होळकर संघाकडून खेळले आणि १९४४-४५ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा केल्या. म्हणजे देशोदेशीचे कसोटी सामने बंद पडले, पण आपल्याकडचं क्रिकेट अगदीच थांबलं नाही. हेमू अधिकारी बडोद्याकडून आणि मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून खेळत होते. पंचरंगी सामने म्हणजे हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि बाकीचे असे धर्मावर पाडलेले पाच संघ. गर्दी खूप जमायची म्हणे. पण असले संघ पाडणं काही बरं नव्हे असं पुष्कळांना तेव्हाही वाटत होतं, आणि १९४६ नंतर ते बंद झाले ते चांगलंच झालं.

युद्ध १९४५ साली संपलं. १९४६ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला, त्यात हेमू अधिकारी नव्हते. १९४७ साली स्वातंत्र्य आलं, आणि त्याबरोबर फाळणी. ज्या फौजेत ते होते, तीसुद्धा वाटली गेली. पलटणी, तोफा, गाड्या, सगळं दोन देशांत विभागलं. त्याच वर्षी भारताचा संघ पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाला निघाला. विजय मर्चंट कप्तान म्हणून ठरले होते, पण ते जाऊ शकले नाहीत. फझल महमूद पाकिस्तानात गेले, म्हणून तेही नाहीत. कप्तानपद लाला अमरनाथ यांच्याकडं आलं. या संघात हेमू अधिकारी यांची निवड झाली.

ता. २८ नोव्हेंबर १९४७ रोजी ब्रिस्बेन इथं त्यांचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. मी वहीत हिशेब घातला. युद्ध पेटलं तेव्हा ते २० वर्षांचे होते आणि पहिला कसोटी सामना खेळले तेव्हा २८ वर्षांचे. मध्ये आठ वर्षं! सचिन तेंडुलकर वयाच्या सोळाव्या वर्षी पहिली कसोटी खेळले. अठ्ठावीस वर्षांचे होईपर्यंत त्यांची निम्मी कारकीर्द होत आली होती, आणि इथं हेमू अधिकारींची सुरू व्हायची होती.

सुरुवातही काही गोड झाली नाही. ब्रिस्बेनला पाऊस पडला, खेळपट्टी चिखल झाली आणि भारताचे डाव ५८ आणि ९८ धावांत आटोपले. समोर सर डोनाल्ड ब्रॅडमन यांचा संघ, त्यात लिंडवॉल आणि मिलर हे वेगवान गोलंदाज. ही मालिका आपण ४-० अशी हरलो. पण चौथा सामना अॅडलेडला झाला, त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. विजय हजारे यांनी त्या एका सामन्यात दोन शतकं काढली, ११६ आणि १४५. दुसऱ्या डावात एका बाजूनं गडी पडत होते आणि हजारे एकटे लढत होते. तेव्हा त्यांना साथ कुणी दिली? हेमू अधिकारी यांनी. दोघांनी मिळून १३२ धावांची भागी केली. त्यांच्या स्वतःच्या धावा ५१. सामना हरलोच, पण लोकांच्या लक्षात राहिलं की हा माणूस पळ काढणाऱ्यांतला नव्हे.

इथून पुढं मला एक मजा सापडली, ती गुरुजींच्याही लक्षात आली नव्हती. हेमू अधिकारी यांच्या तीन मोठ्या गोष्टी एकाच मैदानावर घडल्या. ते मैदान दिल्लीचं, फिरोजशहा कोटला.

पहिली गोष्ट नोव्हेंबर १९४८ ची. वेस्ट इंडीजचा संघ पहिल्यांदाच भारतात कसोटी खेळायला आला होता. त्यांनी कोटल्यावर पहिल्याच डावात ६३१ धावांचा डोंगर रचला. चौघांची शतकं! अशा वेळी बाकीच्यांचं अवसान गळतं. हेमू अधिकारी खाली खेळायला आले आणि नाबाद ११४ राहिले. भारताच्या ४५४ धावा झाल्या, तरी फॉलोऑन बसलाच. दुसऱ्या डावात पुन्हा गडी पडायला लागले तेव्हा पुन्हा हेच उभे, पुन्हा नाबाद. सामना वाचला. कसोटी क्रिकेटमधलं त्यांचं हे एकच शतक, आणि तेही नाबाद.

(आता भाऊसाहेब निंबाळकर. पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १९४८ मध्ये, त्यांनी पुण्याला महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला असताना काठेवाडचा संघ पुढं खेळायलाच तयार झाला नाही! आणि एवढा मोठा फलंदाज आयुष्यात एकही कसोटी सामना खेळला नाही. दोघांचं जन्मसाल एक. एकाला २८ व्या वर्षी का होईना संधी मिळाली, आपल्या कोल्हापूरच्या माणसाला ती मिळालीच नाही. हे लिहिताना मला वाईट वाटलं.)

दुसरी गोष्ट ऑक्टोबर १९५२ ची, आणि ती मला सगळ्यांत आवडते. भारत आणि पाकिस्तान यांच्यातला पहिला कसोटी सामना कोटल्यावर होता. फाळणीला पाचच वर्षं झाली होती. पाकिस्तानचे कप्तान अब्दुल हफीझ कारदार १९४६ साली भारताकडून खेळले होते. त्यांच्या संघातले अमीर इलाही तर १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर हेमू अधिकारी यांच्याबरोबर एकाच संघात होते. पाच वर्षांपूर्वी एका बोटीतले, आता समोरासमोर. आणि अधिकारी तर फौजेतले. जी फौज दोन्हीकडं वाटली गेली तिच्यातले. मैदानावर त्यांना काय वाटलं असेल हे मला सांगता येणार नाही, पण धावफलक सांगता येतो.

भारताचे नऊ गडी २६३ धावांवर बाद झाले. शेवटचा गडी म्हणून गुलाम अहमद आले. ते हैदराबादचे, ऑफस्पिन गोलंदाज. अकराव्या नंबरचा माणूस आला की बघणारे लोक उठून डबा बांधायला लागतात. पण इथं उलटंच झालं. अधिकारी एका बाजूनं खेळत राहिले, गुलाम अहमद यांनी दुसऱ्या बाजूनं चक्क ५० धावा काढल्या, आणि दोघांनी शेवटच्या गड्यासाठी १०९ धावांची भर घातली. भारत ३७२. अधिकारी नाबाद ८१. शतकाला १९ कमी पडल्या, पण करणार काय, पलीकडचा गडीच संपला. मग विनू मंकड यांनी दोन डावांत मिळून १३ गडी बाद केले आणि भारतानं एक डाव ७० धावांनी सामना जिंकला.

शेवटच्या गड्याची ही १०९ धावांची भागी भारताचा विक्रम म्हणून किती वर्षं टिकली असेल, सांगा बघू? बावन्न वर्षं! डिसेंबर २००४ मध्ये ढाक्याला सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी १३३ धावा करून तो मोडला. झहीर खान आपल्या श्रीरामपूरचे, नगर जिल्ह्यातले.

त्या १९५२ साली उन्हाळ्यात इंग्लंडचा दौराही झाला होता. तो फारच वाईट गेला. ट्रूमन नावाच्या तरण्या गोलंदाजानं आपल्या फलंदाजांची दाणादाण उडवली. एका सामन्यात तर धावफलकावर शून्य धावा आणि चार गडी बाद असं लागलं होतं. हेमू अधिकारी त्या सामन्यात नव्हते, पण दौऱ्यावर होते. ते सगळं त्यांनी पाहिलं, आणि वेगवान गोलंदाजीची ती भीती पुढं त्यांच्या कामाला आली असं मला वाटतं. ते पुढं येईल.

बडोदा सोडल्यानंतर ते सेनादलाच्या संघाकडून रणजी खेळू लागले आणि त्याचे कप्तान झाले. सेनादल म्हणजे लष्कर, नौदल, विमानदल यांतल्या नोकरदारांचा संघ. आज बदली, उद्या सराव-मोहीम, परवा रजा नामंजूर. असा संघ एकत्र आणायचा आणि जिंकायचं! तरी १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षं सेनादल अंतिम सामन्यात पोचलं. पहिल्यांदा मुंबईनं हरवलं, दुसऱ्यांदा बडोद्यानं. करंडक काही मिळाला नाही.

तिसरी कोटल्याची गोष्ट फेब्रुवारी १९५९ ची. वेस्ट इंडीज पुन्हा आले होते. वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट हे दोघे असे गोलंदाज, की त्या काळी हेल्मेट नव्हतं हे आठवलं की अंगावर काटा येतो. मालिकेत आपण तीन सामने हरलो होतो. कलकत्त्याचा तर एक डाव ३३६ धावांनी. आणि कप्तानपदाचा नुसता पोरखेळ झाला होता. पहिल्या सामन्याला पॉली उम्रीगर, मग दोन सामन्यांना गुलाम अहमद, मग विनू मंकड. पाचव्या सामन्याला कुणाला करायचं? तेव्हा हेमू अधिकारी यांना बोलावलं. त्यांचं वय ३९ होतं. आपल्याकडं या वयाचे काका गुडघे धरून बसतात.

घरची भांडणं चाललेल्या कुटुंबात एखाद्या वडीलधाऱ्या पाहुण्याला बोलावून आणावं, तसं ते झालं. पण पाहुणा नुसता बसून राहिला नाही. कप्तानांनी पहिल्या डावात ६३ आणि दुसऱ्या डावात ४० धावा काढल्या, आणि गोलंदाजी करून तीन गडी बाद केले. गंमत म्हणजे कसोटीतले त्यांचे आयुष्यातले एकूण बळी तीनच, ते सगळे याच सामन्यात! पुण्याचे चंदू बोर्डे यांनी या सामन्यात १०९ आणि ९६ धावा केल्या. सामना अनिर्णित राहिला. जिंकला नाही, पण चार पराभवांची नामुष्की टळली.

आणि हाच हेमू अधिकारी यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. कप्तान म्हणून पहिलाही आणि शेवटचाही.

एकूण २१ कसोटी सामने, ८७२ धावा. प्रथम दर्जाच्या सगळ्या क्रिकेटमध्ये साडेआठ हजारांवर धावा आणि १७ शतकं. मी आणखी एक हिशेब केला. त्यांच्या पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत भारतानं ४७ कसोटी सामने खेळले. त्यातले ते २१ खेळले. निम्म्याहून कमी. युद्धानं आधीची आठ वर्षं नेली आणि पुढं फौजेची नोकरी सांभाळून खेळायचं. आजोबा म्हणतात, की जो गडी दुसऱ्याच्या रानात दिवसभर राबून सांजच्याला आपली भाकरी पिकवतो, त्याचा ऊस मोजताना पायली वेगळी पाहिजे. मला ते पटतं.

आता आजोबांची गोष्ट.

सैन्यातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाल्यावर हेमू अधिकारी मुलांना शिकवण्याच्या कामाला लागले. त्यांच्या शिबिरांत शिकून गेलेल्यांत सुनील गावसकर, कपिल देव, करसन घावरी, रवी शास्त्री अशी नावं आहेत. शिबिरात शिस्त फौजेची. पहाटे उठायचं, पळायचं, झेल घ्यायचे, पुन्हा पळायचं. बॅट हातात मिळायची ती त्यानंतर. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या हाताखाली भारताचा संघ इंग्लंडला निघाला, तेव्हा व्यवस्थापक म्हणून हेमू अधिकारी गेले. व्यवस्थापक म्हणजे नुसती तिकिटं काढणारा माणूस नव्हे. संघाचा सराव, संघाची फिल्डिंग, कुणी कुठं उभं राहायचं, सगळ्यात त्यांचं लक्ष. फॉरवर्ड शॉर्टलेगला एकनाथ सोलकर उभे राहत, फलंदाजाच्या अगदी पायाशी. सोलकर हे मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचे चिरंजीव. हेल्मेट नाही, काही नाही, नुसती नजर.

पहिले दोन सामने अनिर्णित. तिसरा लंडनच्या ओव्हल मैदानावर. इंग्लंड ३५५, भारत २८४. मग भागवत चंद्रशेखर यांनी कमाल केली. लहानपणी पोलिओनं बारीक झालेल्या हातानं त्यांनी ३८ धावांत ६ गडी बाद केले आणि इंग्लंडचा डाव १०१ धावांत कोसळला. अॅलन नॉटचा झेल सोलकरांनी जमिनीलगत सूर मारून घेतला, त्याचा फोटो गुरुजींनी मला दाखवला.

ता. २४ ऑगस्ट १९७१, गणेश चतुर्थी. तिकडं लंडनात भारतीय लोकांनी मैदानावर चक्क एक हत्तीण आणली होती, बेला नावाची. आणि इकडं आमच्या गावात आजोबा, तेव्हा मिसरूड फुटलेलं पोरगं, एकाच्या सोप्यात रेडिओला कान लावून बसलेले. गणपती बसलेले, आरतीची वेळ, पण निम्मी पोरं रेडिओपाशी. बायका हाका मारून दमल्या. सातच्या सुमाराला भारत ४ गडी राखून जिंकल्याचं कळलं. इंग्लंडच्या भूमीवर भारतानं जिंकलेला हा पहिला कसोटी सामना. १९३२ पासून आपण तिथं खेळत होतो. मग आरती अशी झाली म्हणे, की झांजेची दोरी तुटली. आजोबांना हेमू अधिकारी हे नाव तेव्हापासून माहीत. पुढं पेपरात फोटो आला, त्यात टाय बांधलेला ताठ उभा माणूस, तो आपल्यातला आणि फौजेतला आहे असं कुणीतरी वाचून दाखवलं होतं.

खरं सांगायचं तर १९७४ साली तेच व्यवस्थापक म्हणून पुन्हा इंग्लंडला गेले आणि तो दौरा ३-० असा हरलो. लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धावांत आटोपला. हेही त्यांच्याच खात्यावर आहे. लपवून चालणार नाही, गुरुजींनी चरित्र लिहिताना वाईटही लिहायला सांगितलंय.

ता. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत वयाच्या ८४ व्या वर्षी हेमू अधिकारी यांचं निधन झालं. तेव्हा आमच्या वर्गातलं कुणी जन्मलंही नव्हतं.

आता मी सुरुवातीला जे सांगते म्हटलं होतं ते.

माझा दादा कबड्डी खेळतो. गावातल्या जुन्या लोकांनी त्याचा खेळ पाहिलाय, म्हणून जास्त लिहीत नाही. डाव्या कोपऱ्यात तो असला की चढाई करणाऱ्याचा पाय सुटत नसे. त्याचं नाव पुढच्या निवडीला जाणार होतं, आणि त्याच सुमाराला तो अग्निवीरच्या भरतीत पास झाला. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. बाबांचं म्हणणं, पगार हाताशी येतोय तो सोडायचा नाही, खेळून कुणाचं घर चाललंय? आईचं म्हणणं वेगळंच, ती बोलायची नाही, नुसती चुलीपुढं बसायची. दादा एकोणीस वर्षांचा आहे. चार वर्षं झाली की तेवीस. त्यातले काहीजणच पुढं कायम होतात. परत आला तर कबड्डीत त्याची जागा राहील का, हे त्यानं कुणाला विचारलं नाही, पण जायच्या आदल्या रात्री पटांगणावर एकटाच जाऊन रेषेवर उभा राहिला होता. मी पाहिलं. मी त्याला तसं सांगितलेलं नाही.

तो बेळगावला गेल्यावर एका रविवारी फोन आला. मी त्याला हेमू अधिकारी यांचं सगळं सांगितलं. ब्रिस्बेन, कोटला, १०९, सगळं. त्यानं मध्येच थांबवून एवढंच विचारलं, की त्यांची किती वर्षं गेली म्हणालीस? मी आठ सांगितलं. मग तो थोडा वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, की सेनादलाचा कबड्डीचा संघपण असतो, इथं एका उस्तादांनी त्याला खेळताना बघितलंय. आणि फोन ठेवला, कारण पाठीमागं शिट्टी झाली.

त्याचे मॅटवर घालायचे बूट आमच्या घरी माळ्यावर आहेत. आईनं ते दोनदा खाली काढले, गल्लीतल्या एका मुलाला होतील म्हणून. दोन्ही वेळा मी ते पुसून पुन्हा वर ठेवले. आज आई शाळेत येणार आहे. आई, तू हे वाचत असशील तर तिसऱ्यांदा काढू नकोस. तो दिवाळीच्या रजेला येईल तेव्हा त्यालाच विचारू.

इयत्ता सातवी, गडमुडशिंगी